मुलं परत पाठवणारे सर

आमच्या सरांनी सगळ्या नोकरीत जितकी मुलं मराठीला आणली, त्याहून जास्त परत पाठवली. हे मी कौतुकानं सांगतोय असं कुणी समजू नये. मुलं परत जायची तेव्हा मी मनातल्या मनात उरलेला आकडा मोजायचो, कारण माझी नोकरी त्याच मुलांवर चालली होती.

कळंबच्या आमच्या कॉलेजात मराठी विभाग म्हणजे आम्ही दोघंच. सर कायम, मी तासिकेवर. तासिकेवर म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचं मानधन. दिवाळीच्या सुट्टीत काही नाही, उन्हाळ्यात काही नाही, आणि जून उजाडला की पुन्हा नव्यानं मुलाखत. सहा वर्षं मी त्याच खोलीत, त्याच डगमगत्या खुर्चीवर, त्याच सरांपुढं मुलाखत दिली. आदल्या दिवशी आम्ही एकाच डब्यातली भाकरी खाल्लेली असायची, तरी सर चष्मा पुसून पहिला प्रश्न विचारायचे, "आपलं नाव?" मी सांगायचो. ते लिहून घ्यायचे. मग विचारायचे, "मराठीच का घेतलंत?" सहा वर्षांत मी सहा वेगवेगळी उत्तरं दिली आणि सहाही वेळा ते म्हणाले, "हे पाठ केलेलं आहे. पण ठीक आहे, दुसरं कुणी आलेलं नाही."

दिसायला सर अगदीच साधे. बुटके, सावळे, शर्ट बाहेर, पायात चपला. बाजार समितीच्या गेटात उभे राहिले तर लोक त्यांना तुरीचा भाव विचारायचे, आणि तेही आत जाऊन, चौकशी करून सांगायचे. खोड एकच. कुणी बोलायला लागलं की उजवा हात कानामागं न्यायचा आणि मान तिरपी करायची. कान ठणठणीत होते. मागच्या बाकावर कुणी पुटपुटलं तरी त्यांना ऐकू जायचं. पण तो हात कानामागं गेला की समोरचा माणूस आपोआप सविस्तर बोलायला लागायचा. बसस्टँडवर भांडण लागलं की सर पिशवी खाली ठेवून उभे. एकदा बांधावरून भांडणाऱ्या दोघा भावांनी मधेच थांबून त्यांनाच विचारलं, "तुमी कोन? कुनाच्या बाजूनं आलाव?"

"कुणाच्याच नाही," सर म्हणाले. "तुमचं चालू द्या. हे विहिरीच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगत होते, तिथंच तुम्ही यांना तोडलंत. यांचं वाक्य अर्धं राहिलंय."

त्या भावानं वाक्य पूर्ण केलं. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, पण दोघं एकाच टमटममध्ये बसून गावाकडं गेले हे मी पाहिलं आहे.

हजेरीची तऱ्हा याच्याही पुढची. त्यांच्या वर्गात 'येस सर' चालत नसे. नाव पुकारलं की सकाळपासून कानावर पडलेलं एक वाक्य सांगायचं, जसंच्या तसं. स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. मग सर विचारणार, ते कुणाला म्हटलं, का म्हटलं, आणि पुढं काय झालं. पंचवीस मुलांच्या हजेरीत तास संपायचा. पोर्शन कधी पूर्ण होणार म्हणून मी कुरकुरलो की ते म्हणायचे, "पोर्शनच चाललाय."

येरमाळ्याकडून येणाऱ्या एका मुलानं एकदा सांगितलं, "सर, गाडीत एक म्हातारी कंडक्टरला म्हनली, 'म्या उतरल्यावर गाडी जरा थांबीव बाबा, लेक न्यायला आलाय का बघू दे.'"

"मग? आला होता लेक?"

"म्हाईत न्हाय सर. गाडी सुटली."

"तू खिडकीतून मागं बघितलं नाहीस?"

"न्हाय."

सरांनी मस्टरमध्ये काहीतरी लिहिलं. "अर्धी हजेरी."

सरांच्या मस्टरमध्ये खरोखर अर्ध्या हजेऱ्या असत. महिनाअखेर ते कार्यालयात गेलं की हेडक्लार्क कपाळाला हात लावायचे. "सर, पोरगं एक तर हाय, न्हाय तर न्हाय. अर्धं कसं आसंल?" सर म्हणायचे, "वर्गात येऊन बघा." महिन्यात साडेसतरा दिवस हजर असलेली मुलं सगळ्या मराठवाड्यात फक्त आमच्याकडं होती. त्या येरमाळ्याच्या पोरानं मात्र ती अर्धी हजेरी मनाला लावून घेतली. रोज त्याच गाडीनं, खिडकीची जागा धरून यायला लागला. चौथ्या दिवशी म्हातारी पुन्हा दिसली. लेक आला नव्हता. ती आपली आपण चालत गेली. त्यानं हे सांगितलं, आणि सरांनी त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.

कँटीनमध्ये विज्ञानवाल्यांचं आणि आमचं टेबल शेजारी शेजारी. "मराठी शिकून पोरगं करणार काय?" हा प्रश्न चहाबरोबर यायचाच. मला उत्तर द्यायचा भारी हुरूप. भाषांतर, जाहिराती, स्पर्धा परीक्षा, अशी यादीच मी तयार ठेवली होती. सर यादी देत नसत. भौतिकशास्त्राच्या सरांना त्यांनी एकदा उलट विचारलं, "तुमचा मुलगा पुण्यात असतो ना? फोन करतो का?"

"करतो की. दर रविवारी."

"काय बोलता?"

"काय बोलायचं? बरं आहे का, बरं आहे. पाऊस झाला का, झाला. मग त्याच्या आईकडं देतो."

सरांचा हात कानामागं गेला. भौतिकशास्त्राचे सर जरा घुटमळले आणि मग बराच वेळ मुलाबद्दल बोलत राहिले. दहावीनंतर त्याला चित्रकलेला जायचं होतं आणि आपण त्याची रंगाची पेटी माळ्यावर टाकून दिली, इथपर्यंत. चहा गार झाला. पुढं त्यांनी तो प्रश्न आमच्या टेबलाला कधी विचारला नाही.

कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती आली तेव्हा प्रत्येक विभागाला एक तक्ता भरायचा होता. तुमच्या विषयानं विद्यार्थ्यात काय फरक पडतो, तो मोजता येईल अशा शब्दांत लिहा. मी 'संवादकौशल्य विकसित होते' वगैरे लिहून मोकळा झालो असतो. सरांनी तक्ता माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः भरला. 'एक: आई बोलत असताना विद्यार्थी मोबाईल खाली ठेवतो. दोन: भांडणात समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत सांगून दाखवतो. तीन: कुणाच्या तेराव्याला गेल्यावर काही सुचलं नाही, तर गप्प बसतो.' प्राचार्यांना घाम फुटला. समितीतल्या एका गृहस्थांनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि टेबलावरचा स्वतःचा मोबाईल हळूच पालथा घातला. गुण किती दिले ते काही आम्हाला कळलं नाही.

पण खरी गंमत, म्हणजे सरांची गंमत आणि माझी फजिती, जूनमध्ये व्हायची. बारावीचा निकाल लागला की आमच्याकडचे प्राध्यापक गावोगाव मुलं गोळा करायला निघतात. त्याला प्रवेश मोहीम असं भारदस्त नाव आहे. गावं वाटून दिली जातात, पत्रकं मिळतात, आणि मग पारावर, हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, जिथं मूल दिसेल तिथं गाठायचं. कुणी म्हणतं फॉर्म आम्ही भरून देतो, कुणी म्हणतं हजेरीचं बघून घेऊ. सक्तीचं मराठी सगळ्यांनाच असतं, त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती ऐच्छिक मराठीची, म्हणजे बी.ए.ला जे मूल आपणहून हा विषय घेईल त्याची. त्या वर्षी प्राचार्यांनी बजावून सांगितलं होतं, वीस मुलं झाली नाहीत तर ऐच्छिक मराठी बंद. विषय बंद झाला की विभागाचे तास निम्मे होणार, आणि उरलेले तास आधी कायम माणसाला मिळतात. ते सरांनाच पुरणार नव्हते. माझ्या वाट्याला काहीच येणार नव्हतं. माझं वय तेव्हा चौतीस, आणि बघायला आलेले मुलीकडचे लोक पोहे खाऊन उठताना 'परमनंट कधी होणार' एवढंच विचारायचे.

हे सगळं मी मांजरेच्या पुलावर मोटरसायकल थांबवून सरांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "कळलं. वीस. चला."

पहिल्याच गावात एक मुलगा मिळाला. तो तयार, बाप तयार. देवळाच्या गेटचं वेल्डिंग चाललं होतं, तिथंच ओट्यावर आम्ही बसलो होतो. सर दहा मिनिटं त्याच्याशी बोलले आणि म्हणाले, "बोलतोयस माझ्याशी, पण बघतोयस त्या ठिणग्यांकडं. ते काम आवडतं का तुला?"

पोरगं लाजलं. "व्हय. म्या करून बी बघितलंय दोनदा."

सर बापाकडं वळले. "याला आयटीआयला घाला. फॉर्म निघालेत." मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला.

दुसऱ्या गावात शेळ्या राखणाऱ्या एका घरी गेलो. मुलीला बारावीला बरे मार्क होते. कागदपत्रांच्या झेरॉक्सही मी पिशवीत टाकल्या. आमच्याशी बोलता बोलता ती धाकट्या भावाच्या पायाची जखम धुऊन पट्टी बांधत होती, आणि ते पोरगं रडत नव्हतं. सर तिला त्या जखमेबद्दलच विचारत बसले. शेवटी तिच्या वडलांना म्हणाले, "हिला नर्सिंगला पाठवा."

बाप चक्रावला. "पर सर, तुमी तर हिला न्यायला आलताव न्हवं?"

"आलो होतो. पण हिनं सांगितलं ना."

"तिनं कुठं काय सांगितलं?"

"तुमचं लक्ष शेळ्यांकडं होतं," सर म्हणाले.

परत येताना मी गाडी जरा जोरातच हाणली. मागून सर म्हणाले, "तुम्ही रागावलात." मी म्हणालो, नाही.

सगळ्यांनाच परत पाठवलं असं नाही. एका पोरानं आपण बारावीला एकदा नापास का झालो याची हकिगत सांगितली. तीत साप होता, मामाचं लग्न होतं, पेपरच्या दिवशी घाटात बंद पडलेली एसटी होती. सर खूश होऊन म्हणाले, "यातलं काहीएक घडलेलं नाही. हा आपला." तीन लेकरांची आई असलेल्या एका अंगणवाडी मदतनीस बाईंचा फॉर्म त्यांनी तिथल्या तिथं भरून घेतला, कारण बाईंनी सरांनाच विचारलं होतं, "मला ज्या ओव्या येत्यात त्या तुमच्या पुस्तकात हाईत का?" एक एक करत महिनाभरात एकोणीस झाले.

शेवटच्या दिवशी दुपारी चारलाही एकोणीसच होते. पाचला कार्यालय बंद होणार होतं. तेव्हा मी ते केलं. कागदावरची मुलं पुष्कळ ठिकाणी असतात, असं मी स्वतःला समजावलं. शेळ्यावाल्यांच्या मुलीच्या झेरॉक्स माझ्याकडंच राहिल्या होत्या. मी तिच्या नावानं फॉर्म भरला, डाव्या हातानं सही ठोकली. पण आमच्या फॉर्मला सरांनी स्वतःचा एक कागद जोडलेला असे: 'मराठी का घ्यायचे आहे, ते लिहा.' तो कोरा ठेवून भागत नव्हतं. व्हरांड्यात खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, उभ्या उभ्या, हाताला येईल ते मी भराभर लिहिलं आणि फॉर्म सरांपुढं सहीला ठेवला.

सरांनी तो कागद मोठ्यानं वाचला.

"'आमचे वडील दिवसभर काट्यावर उभे राहून वजनं ओरडून सांगतात. घरी आले की बोलत नाहीत. दमतात म्हणून बोलत नसतील असं आम्हाला वाटायचं. एकदा मी कविता मोठ्यानं वाचत होते तर ते उंबऱ्यात येऊन बसले आणि म्हणाले, परत म्हण. तेव्हापासून हा विषय मला सोडवत नाही. माझ्या वडलांना काय म्हणायचं आहे ते मला अजून कळलेलं नाही, आणि ते दुसऱ्या कुठल्या विषयात शिकवत नाहीत.'"

सर थांबले. "या मुलीच्या घरी शेळ्या होत्या. काटा कुठून आला?"

माझे वडील बाजार समितीत तोलार होते. पोती काट्यावर घेऊन वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. सरांना ते ठाऊक होतं.

"सहा मुलाखती घेतल्या तुमच्या," सर म्हणाले. "हे का नाही सांगितलंत?"

"सुचलं नाही, सर."

"आज बरं सुचलं."

"आज नोकरी चाललीय."

ते हसले नाहीत. "हे लिहिणाऱ्याला मी लगेच प्रवेश दिला असता. पण त्याचं एम.ए. झालेलं आहे, ही पंचाईत."

मग मी बोलू नये ते बोललो. "तुमचं काय जातंय, सर? तुमची दीड वर्षं राहिली, पुढं पेन्शन आहे. तुम्ही गावोगाव पोरांचं भलं करत फिरलात, आणि गाडी मी चालवत होतो. सगळ्या जगाचं ऐकता तुम्ही. माझं कधी ऐकलंत?" आणखीही बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलत होतो तोवर त्यांचा हात कानामागं होता, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

पाच वाजले. सरांनी तो फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. ऐच्छिक मराठी बंद झालं, आणि आमची एकोणीस मुलं इतिहास आणि समाजशास्त्रात वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी मी माझी पुस्तकं न्यायला गेलो तर सर कोरा कागद पुढं ठेवून बसले होते. "तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा." स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. मला कळेपर्यंत मी दोन ओळी लिहूनही बसलो होतो. तीन महिन्यांनी ते जाणार, जागा रिकामी होणार, आणि सक्तीच्या मराठीचे सगळे तास तासिकेवाल्याला मिळणार, असा तो हिशेब होता.

"सर, मी काल रागात बोललो."

"रागात का होईना, नीट बोललात. सगळं ऐकून घेतलं मी. ऐकल्यावर काही करायचंच नसेल तर ऐकायचं कशाला?"

"मला उपकार नकोत."

"उपकार कसले? तो समितीचा तक्ता आता तुम्ही भरणार."

मी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं. "प्रकृती धडधाकट आहे माझी." आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'माझ्या तासांची गरज माझ्यापेक्षा दुसऱ्याला जास्त आहे, आणि तो ते बरे घेईल असा माझा अंदाज आहे.' प्राचार्यांनी अर्ज परत पाठवला. असलं कारण नियमात बसत नाही, 'वैयक्तिक' लिहा म्हणाले. सर म्हणाले, "यात वैयक्तिक काय आहे? सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे." तीनदा अर्ज खाली-वर झाला आणि शेवटी तसाच मंजूर झाला. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेपेक्षा आनंद जास्त झाला, आणि त्या आनंदाची पुन्हा लाज वाटली.

निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. तिथं कुणी खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या दिवशी त्यांचा पहिल्या वर्षाचा सक्तीच्या मराठीचा तास त्यांनी मला घ्यायला लावला आणि स्वतः पिशवी घेऊन व्हरांड्यात उभे राहिले. मी जीव तोडून शिकवलं. हातवारे केले, आवाज चढवला, उतरवला, मधे दोनदा मुलांना हसवलं. घंटा झाली तसा बाहेर आलो.

"कसा झाला, सर?"

"फार बोललात. खिडकीजवळच्या मुलीनं दोनदा हात वर केला आणि खाली घेतला. तुम्हाला दिसलं नाही."

एवढं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागले. त्यांच्या मागं जावं असं मला फार वाटलं. त्यांना थांबवावं, पाया पडावं, निदान गाडीवर घरी सोडावं. पण तोवर ती मुलगी निघून गेली असती. मी वर्गात परत गेलो. ती आणि आणखी तिघी फळ्याजवळ घुटमळत होत्या.

"काय विचारायचं होतं?"

ती मैत्रिणींकडं बघायला लागली. मला गप्प बसणं कधी जमत नाही, पण मी गप्प उभा राहिलो.

"सर, पुढल्या साली ऐच्छिक मराठी परत सुरू हुईल का?" ती म्हणाली. "विषय बदलून घ्यायचाय. आमी चौघी हाव. घरी आदीच भांडून ठिवलंय."